कानाचा रिपोर्ट नॉर्मल आलाय पण गर्दीत बोलणं कळत नाही. बँडवाले, हलगीवाले, संबळवाले, अजून कुणाला असं होतंय का?

क्लॅरोनेट_हिंगोली

रामराम मंडळी. वाचतोय बरेच दिवस पण लिहायलोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. १९ वर्षं झाली. आधी चुलत्याच्या हाताखाली साईड ड्रम वाजवायचो, मग ह्याच्यावर आलो. लगीनसराईत दाट तिथ्या असल्या की दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या असतात, आधी परण्या मग वरात, एका गावाहून दुसऱ्या गावाला टेम्पोत बसून जायचं आणि उतरलं की लगेच वाजवायचं. माझ्या उजव्या खांद्याला ट्रंपेट, डाव्या हाताला ताशे, आणि पाठीमागं गाडा, त्याच्यावर भोंगे. ही माझी जागा, १९ वर्षं हीच.

आता त्रास सांगतो. घरात शांत असलं की सगळं ऐकू येतं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सुद्धा. पण हॉटेलात चार जण बसलो आणि बाजूला भांडी वाजायला लागली की समोरचा काय म्हणतोय ते कळत नाही. आवाज येतो हो, शब्द लागत नाहीत. मागच्या महिन्यात एका लग्नघरी सुपारी ठरवायला गेलो, तिथं पोरं ओरडायलेली, मिक्सर चालू, टीव्ही चालू, मुलीचे वडील तारीख सांगायले आणि मी १९ लिहून घेतली. होती २९. १९ ला आमची चौदा माणसं ड्रेस घालून टेम्पोत बसून गेली आणि तिथं मांडवाचा एक बांबू पण नव्हता. त्या दिवशी पोरांची मजुरी मी खिशातून दिली. पैशाचं जाऊ द्या, पण ती पोरं माझ्याकडं बघत होती ते अजून डोळ्यासमोर आहे.

मग जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरकडं गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, टूं टूं ऐकवलं, ऐकू आलं की बटन दाबायचं. सगळे ओळखले मी. कागदावर दोन्ही कानाच्या रेघा वरच्या वर, २० डेसिबलच्या आत, फक्त डाव्या कानाला ४००० हर्ट्झच्या ठिकाणी २५. डॉक्टर म्हणले कान एक नंबर आहेत, टेन्शन असंल, लक्ष राहत नसंल. माझं वय ३८ आहे, टेन्शन कुणाला नाही, पण लक्ष नसण्याचा प्रकार वाटत नाही हा. कान नॉर्मल आहेत तर मग हे काय आहे? कुणाला माहिती असंल तर सांगा.

ताशा_जिंतूर

मास्तर मला पण सेम होतंय. मी २४ चा आहे. कॉलेजच्या कँटीनमध्ये मित्र बोलले की मी हसून मान हलवतो कारण तीनदा काय काय विचारायची लाज वाटते. आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की डाव्या कानात कुईं असा बारीक आवाज येतो, पंखा बंद केला की अजून वाढतो. घरी सांगितलं नाही अजून.

संबळ_तुळजापूर

मास्तर, आमच्याकडं गोंधळ पिढीजात. मी नऊ वर्षाचा होतो तवापासून गळ्यात संबळ आहे. संबळ कमरेपाशी असतं, हलगीसारखं कानाला लागून नसतं, म्हणून मी कायम समजत आलो की आपल्याला धोका कमी. पण नवरात्रात वेगळं असतं. रात्र रात्र वाजवणं, बाजूला दुसरे संबळ, झांजा, वर मंडळांचे स्पीकर, आणि गोंधळ घरात असला की पत्र्याखालच्या खोलीत सगळा आवाज परत अंगावर येतो. दसरा झाला की दोन तीन दिवस कानात कापूस कोंबल्यागत वाटतं, शिट्टी वाजते, चौथ्या दिवशी कान मोकळा होतो. वडील म्हणायचे आई भवानीनं मोकळा केला. मी पण दरसाल तसंच म्हणत आलो, चौथ्या दिवशी गेलं म्हणजे बरं झालं. आता ५१ ला आलो, नातू कार्यक्रमात कानाशी येऊन बोलतो तरी मला त्याच्या ओठाकडं बघावं लागतं.

श्रवण_लातूर

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, रोज हेच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मास्तर, तुमचं लक्ष ठिकाणावर आहे. रिपोर्ट खोटा नाही आणि तुमची तक्रार पण खोटी नाही, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार. त्या पेशींकडून मेंदूकडं जाणारे नसेचे धागे साधारण ३० हजार, म्हणजे एकेका पेशीला अनेक धागे जोडलेले. आतापर्यंत आम्हाला शिकवलं होतं की मोठ्या आवाजानं आधी पेशी मरतात, त्या मेल्या की ऑडिओमेट्रीत, म्हणजे त्या टूं टूंच्या तपासणीत, दिसतं, ४००० च्या आसपास खड्डा पडतो, आणि जर दोन चार दिवसात ऐकू यायला लागलं तर नुकसान झालंच नाही.

२००९ साली बोस्टनमध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन ह्यांनी उंदरांवर प्रयोग केला. १०० डेसिबलचा आवाज, फक्त दोन तास, एकदाच. उंदरांचं ऐकणं कमी झालं आणि थोड्याच दिवसात पूर्ण परत आलं. पेशी सगळ्या जागेवर. पण पेशी आणि नस ह्यांच्यातले जोड मोजले तर उंच पट्टीच्या भागात जवळजवळ निम्मे कायमचे गेलेले. तपासणी नॉर्मल आणि आत निम्मे जोड तुटलेले. ह्यालाच पुढं हिडन हिअरिंग लॉस म्हणायला लागले, छुपं नुकसान.

आता काचेच्या खोलीत का दिसत नाही. ग्रामसभा समजा. ३० हजार मतदार आहेत. शांत खोलीत बारीक टूं आला, त्याला थोडे हात वर झाले तरी ठराव पास होतो, ऐकू आलं म्हणून बटन दाबलं जातं. निम्मे मतदार गाव सोडून गेले असतील तरी तो ठराव पासच होणार. पण भांड्यांच्या आवाजातून समोरच्याचं एकोणीस की एकोणतीस हे निवडून काढायचं असलं तर सगळ्यांचा हिशोब लागतो, तिथं माणसं कमी पडतात. त्यात प्राण्यांवरच्या अभ्यासात असं दिसलंय की जे धागे मोठ्या आवाजातच काम करतात, म्हणजे गोंगाटात ज्यांची खरी गरज, तेच आधी तुटतात. मास्तर म्हणाले ना आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, त्याच्याशी हे अगदी जुळतं.

संबळवाले बापू, तुमच्या चौथ्या दिवसाबद्दल वाचून मला वाईट वाटलं कारण हेच सगळ्यात फसवं आहे. कान मोकळा झाला म्हणजे पेशी सावरल्या. जोड सावरले असं त्यावरून म्हणता येत नाही.

परभणीकर_अभियंता

मॅडम, माहिती चांगली आहे पण उंदरावरून माणसावर उडी मारताना जरा जपून. मी ह्या विषयावर थोडं वाचलंय. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या लोकांनी १२६ तरुणांवर अभ्यास केला, सगळ्यांची ऑडिओमेट्री नॉर्मल, आयुष्यभरात किती आवाज सोसला ते विचारून घेतलं, आणि नसेच्या प्रतिसादाशी त्याचा संबंध सापडला नाही. म्हणजे माणसात हे सिद्ध झालंय असं लिहिणं बरोबर नाही. इथं पोरं वाचतात, उगं घाबरतील आणि धंदा सोडतील. गर्दीत न समजण्याला शुगर, झोप, वय, लक्ष, शंभर कारणं असतात.

श्रवण_लातूर

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते टाळणार नाही. माणसात चित्र अजून साफ नाही. २०१६ ला बोस्टनच्या गटाने कॉलेजच्या मुलांची तुलना केली, त्यात जास्त आवाजात असणारी बरीचशी संगीत शिकणारी मुलं होती, त्यांची नेहमीची तपासणी नॉर्मल, पण गोंगाटातले शब्द ओळखण्यात ती मागं पडली आणि ८००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत त्यांचं ऐकणं पण कमी निघालं. मँचेस्टरला तसं दिसलं नाही. जिवंत माणसाच्या कानातले जोड मोजता येत नाहीत ही खरी अडचण. मृत्यूनंतर तपासलेल्या कानांत मात्र पेशी शाबूत असताना नसेचे धागे कमी झालेले दिसलेत, वय वाढतं तसे.

वादकांच्या बाबतीत अजून एक गुंता आहे. ज्याचा कान तयार असतो त्याला गर्दीतून सूर-शब्द वेगळे काढायची सवय इतरांपेक्षा जास्त असते. त्यामुळं नुकसान झालं तरी बरीच वर्षं तो सवयीवर भागवून नेतो, ओठ बघतो, वाक्याचा अंदाज बांधतो. म्हणजे त्याला उशिरा कळतं. मास्तरांसारखा माणूस तारखेत चुकला तर तिथं अंदाज बांधायला जागा नव्हती, तारीख ही अंदाजानं लागत नाही.

आणि छुप्या नुकसानाचा वाद बाजूला ठेवला तरी उघडं नुकसान आहेच की. जर्मनीत विमा कंपन्यांच्या लाखो लोकांच्या नोंदींवरून २०१४ ला अभ्यास आला, व्यावसायिक वादकांत आवाजामुळं बहिरेपण येण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट, आणि कानात शिट्टी वाजण्याचं दीडपटीहून जास्त. ते बहुतेक हॉलमध्ये बसून वाजवणारे लोक. आपल्याकडं गाड्यावरचे भोंगे आहेत.

बीडची_घरधनीण

मी वाजवत नाही, माझे मिस्टर वाजवतात. हलगी, आणि आता बेंजो पार्टीत. धागा सगळा वाचला आणि लिहावंसं वाटलं.

आमच्यात गेली सहा सात वर्षं ह्याच गोष्टीवरून भांडणं होतात. मी स्वयंपाकघरातून बोलते, नळ चालू असतो, तव्यावर भाकरी, ते बाहेर बसलेले, मी काहीतरी विचारते आणि ते उत्तर देत नाहीत. मला वाटायचं मुद्दाम करायलेत. माझ्या बोलण्याला किंमत नाही असं मनात घेतलं होतं मी, सासूबाईंना पण बोलले, माहेरी पण बोलले. मागच्या वर्षी रागानं आठ दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. ते एकदाच म्हणाले, अगं मला आवाज येतो पण तू काय म्हणतेस ते पोचत नाही. मी म्हणाले बहाणे नका सांगू, तपासणी केलीत ना, नॉर्मल आलीय ना.

आज मास्तरांनी लिहिलं ते शब्द न शब्द तेच आहेत. आता मी नळ बंद करते, जवळ जाते, तोंडाकडं बघून बोलते. इतकी साधी गोष्ट होती. ज्यांच्या घरात वाजवणारा माणूस आहे त्या बायकांनी हे वाचावं म्हणून लिहिलं.

क्लॅरोनेट_हिंगोली

वहिनी, तुमचं वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि थोडा वेळ गप बसलो. आमच्या घरी पण वेगळं नाही. रात्री मंडळींना वाचून दाखवलं.

साउंड_नांदेड

माझं साउंडचं काम आहे. मीटर आहे माझ्याकडं, फोनमधलं ॲप नाही, खरं मीटर. गेल्या लगीनसराईत एका बँडच्या मागं माझा सेटअप होता तेव्हा सहज क्लॅरोनेटवाल्याच्या कानापाशी धरलं होतं. चौकात मोकळ्यावर १०१ ते १०३. गल्लीत शिरलो, दोन्ही बाजूला दुमजली घरं, तिथं १०६. नवरदेव नाचायला लागला की गाड्यावरचा माणूस आवाज वाढवतो, ताशेवाले मग त्याच्या वर जायला बघतात, कोण कुणाला ऐकू येत नाही म्हणून जो तो जोरात वाजवतो.

आता हिशोब बघा. अमेरिकेतली नायॉश म्हणून संस्था आहे ती सांगते ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा, १०० ला १५ मिनिटं. १०३ ला साडेसात मिनिटं. वरात दोन तास चालते. दिवसाचा कोटा मारुतीच्या देवळापर्यंत पण पुरत नाही.

माझ्या अनुभवाचं सांगतो. भोंगे गाड्यावर छातीच्या उंचीला बांधलेले असतात आणि तोंड पुढं, म्हणजे सरळ वादकांच्या पाठीत आणि डोक्यात. तेच भोंगे चांगले डोक्याच्या वर उचलून बांधले तर आवाज माणसांच्या वरून जातो, लोकांना तेवढाच ऐकू येतो आणि वादकाला कमी बसतो. दुसरं, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, दोन मीटरवर असलेला गाडा चार मीटरवर ठेवायला काही पैसे लागत नाहीत. गल्लीत एवढा फरक पडत नाही कारण भिंतीवरून परत येतो. आणि ताशे क्लॅरोनेटच्या शेजारी कशाला? एक रांग मागं घ्या. ज्याचा आवाज नाजूक त्याला तुम्ही सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मधी उभं करता, मग तो पण दम लावून वाजवतो.

ताशा_जिंतूर

दादा मागच्या रांगेत गेलो की लोक व्हिडिओ काढत नाहीत, पोरांना पुढंच राहायचं असतं. पण १०३ ला साडेसात मिनिटं हे वाचून खरंच भीती वाटली. कापसाचे बोळे घालून चालतात का?

श्रवण_लातूर

कापूस नको. कोरड्या कापसानं फार थोडा आवाज अडतो आणि माणूस निर्धास्त होऊन जास्त वेळ थांबतो. मेडिकलवर फोमचे पिवळे-केशरी बोळे मिळतात ते घ्या. हात धुवायचे, बोळा बोटात वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागं ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. बाहेरून नुसता टेकवला तर उपयोग शून्य. ज्यांचा कान वाहतो त्यांनी आधी डॉक्टरला दाखवा, वाहत्या कानात बोळा घालायचा नाही. एकमेकांचे वापरायचे नाहीत.

आणि हे सगळ्यांसाठी: कार्यक्रमानंतर एका कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं तर दोन चार दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं जा. त्यावर औषध असतं पण ते लवकर सुरू करावं लागतं. लसणाचं तेल, खोबरेल, काही टाकत बसू नका. हळूहळू तुटलेले जोड परत जोडणारं औषध मात्र आज बाजारात नाही, कुणी गोळ्या देऊन पैसे मागत असंल तर देऊ नका.

क्लॅरोनेट_हिंगोली

मंडळी, काल औंढ्याकडं एक सुपारी होती. मॅडमनी सांगितलं तसे फोमचे बोळे नीट वळून घातले. प्रामाणिकपणे सांगतो, दहा मिनिटात काढले.

बाहेरचा आवाज कमी झाला पण माझं स्वतःचं क्लॅरोनेट डोक्याच्या आत गुमायला लागलं. वरचे दात माउथपीसवर असतात ना, तिथून सगळी थरथर कवटीत. फुंकर सुद्धा वादळागत. वरच्या सप्तकातले सूर बारीक झाले, खर्ज तेवढा घुमतोय, मी नेमका कुठल्या सुरावर आहे तेच कळेना आणि सुरात नसलो तर मी कशाला उभा आहे तिथं. ट्रंपेटवाल्यानं दोनदा वळून बघितलं. मला वाटतं ताशेवाल्यांना चालंल हे, फुंकणाऱ्याला चालत नाही. कान वाचवायचे तर सूर जातो, सूर वाचवायचा तर कान जातो, असं आहे का हे?

श्रवण_लातूर

बरं झालं मास्तर स्पष्ट लिहिलंत, बहुतेक फुंकणारे ह्याच कारणानं सोडतात आणि सांगत नाहीत. दोन गोष्टी होतात. फोम उंच पट्टीचा आवाज जास्त अडवतो आणि खालच्या पट्टीचा कमी, म्हणून सूर मातीत गेल्यासारखा लागतो. दुसरं, कानाचं तोंड बंद केलं की दातातून, हाडातून आलेला आवाज बाहेर जाऊ शकत नाही, आत कोंडतो. बोळा अर्धवट घातला की गुमणं जास्त, खोलवर बसला की कमी.

वादकांसाठी फिल्टरचे बोळे येतात. त्यात बारीक चकती असते, सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवते, ९, १५ किंवा २५ डेसिबल. सूर तोच राहतो, नुसता लांब गेल्यासारखा वाटतो. तयार साइजचे स्वस्त असतात, कानाचा साचा घेऊन बनवलेले महाग पण फुंकणाऱ्यासाठी तेच बरे कारण ते खोल बसतात. तुमच्यासाठी १५ चे बघा. साउंडवाल्या दादांच्या हिशोबानं १०३ मधून १५ गेले की ८८, साडेसात मिनिटांचे चार तास होतात. पहिले पंधरा दिवस घरी सरावात घाला, वरातीत एकदम नको. मेंदूला नवा सूर ओळखायला वेळ लागतो.

हार्मोनियम_अंबाजोगाई

ताई, एक विचारायचं होतं. मी भजनी मंडळात पेटी वाजवते. बँड नाही, डीजे नाही, देवाचं काम आहे, म्हणून कधी विचारच केला नाही. पण आमचं देऊळ लहान, फरशी, गुळगुळीत भिंती, वीस पंचवीस बायका, प्रत्येकीच्या हातात टाळ, आणि आता कुणीतरी दोन स्पीकर पण देणगी दिलेत. मला ऐकू कमी येत नाही, उलटं झालंय. स्टीलची ताटं एकमेकावर ठेवली की कानात सुई टोचल्यासारखं होतं, अंगावर काटा येतो. नातवानं शिट्टी वाजवली तर मी रागावले त्याच्यावर, तो घाबरून गेला. हे पण ह्यातलंच आहे का?

श्रवण_लातूर

असू शकतं काकू. साध्या आवाजाचा त्रास होणं, त्याला हायपरअॅक्युसिस म्हणतात, वादकांत ते दिसतं. नसेकडून कमी माल यायला लागला की मेंदू आतून आवाज वाढवतो असा एक समज आहे, कानातली शिट्टी पण त्याच रांगेत धरतात. तपासून घ्या. फक्त घरात दिवसभर बोळे घालून बसू नका, त्यानं हा त्रास वाढतो. बोळे टाळांच्या वेळी. आणि तेवढ्या देवळाला स्पीकर खरंच लागतो का, हे मंडळात एकदा बोला.

वकील_संभाजीनगर

कायद्याचं थोडं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात राहत्या वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पण हे सगळं शेजाऱ्यांसाठी आहे. वाजवणाऱ्याच्या कानाचं त्यात काही नाही. कारखान्यातल्या कामगाराला ८ तासाला ९० डेसिबलची मर्यादा आहे, बँडमधला पोरगा कारखान्यात नाही त्यामुळं त्याला ती पण नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

बाहेर मात्र वादकाचा कान हा कामगाराचा कान मानला गेलाय. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ख्रिस्तोफर गोल्डशायडर व्हायोला, म्हणजे व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवायचे. २०१२ ला तालमीत त्यांची खुर्ची ट्रंपेट वगैरे ब्रासच्या बरोब्बर पुढं होती, आवाज १३० डेसिबलच्या वर गेला. त्यांचं वाजवणंच बंद झालं. २०१८ ला हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०१९ ला संस्थेचं अपील फेटाळलं. मास्तर, तुमच्या उजव्या खांद्याला ट्रंपेट आहे असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय म्हणून हे सांगितलं.

परभणीकर_अभियंता

मी वर घाबरवू नका म्हणालो होतो, माझं तेवढ्यापुरतं मत तेच आहे, पण साउंडवाल्यांनी मोजलेले आकडे बघून एक कबूल करतो. जोड तुटतात की नाही ह्यावर शास्त्रज्ञ भांडत राहतील, १०३ डेसिबलला दोन तास उभं राहू नये ह्यावर कुणाचंच भांडण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ ला कार्यक्रमांच्या जागांसाठी मर्यादा सुचवली, १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल. ती पण प्रेक्षकांसाठी, जे अधूनमधून येतात. रोजच्या वादकासाठी ती सुद्धा जास्तच.

मॅडम, तपासणी पुढं कुठली करावी ते लिहा, नुसतं नॉर्मल म्हणून माणूस घरी जाऊ नये.

श्रवण_लातूर

नेहमीची ऑडिओमेट्री २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत असते. वादकांनी जमलं तर १६००० पर्यंतची करून घ्यावी, नुकसान बऱ्याचदा वरच्या टोकाला आधी दिसतं. ओएई म्हणून चाचणी असते, ती बाहेरच्या रांगेतल्या पेशींचं सांगते. बेरा नसेच्या प्रतिसादाचं सांगते. आणि गोंगाटात बोललेले शब्द ओळखायची चाचणी मागा, तुमची तक्रार गोंगाटातली आहे तर तपासणी पण गोंगाटात हवी. ह्यातली एकही चाचणी एकटी छुपं नुकसान पक्कं सांगत नाही, पण कागद जपून ठेवा, दरवर्षी त्याच महिन्यात करा, लगीनसराई संपल्यावर नको, सुरू व्हायच्या आधी, कान शांत असताना. तुमच्या जुन्या कागदाशी तुमचाच नवा कागद लावून बघायचा. मेडिकल कॉलेज असलेल्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. मुंबईला बांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, तिथंही जाता येतं. डाव्या कानाचं ४००० ला २५ आलंय ते मास्तर विसरू नका, नॉर्मलमध्ये धरतात पण तो खड्ड्याचा पहिला पाय असू शकतो.

संबळ_तुळजापूर

मी बेराची तारीख घेतली आहे. नातू सोबत येणार आहे. त्याला ह्या वर्षी नवरात्रात गळ्यात संबळ देणार होतो, आठ वर्षाचा आहे. मुलगा म्हणतो द्या, परंपरा आहे. मी म्हणलं देऊ, पण बोळे घालून, आणि एका रात्री तासाभराच्या वर नाही. वडिलांनी मला पहाटेपर्यंत उभं केलं होतं. त्यांना माहीत नव्हतं, मला आता माहीत झालंय.

क्लॅरोनेट_हिंगोली

उशीर झाला लिहायला, तिथ्या होत्या.

फिल्टरचे बोळे आले, तयार साइजचे, १५ वाले. अठरा दिवस घरी सराव केला. पहिले चार दिवस वाटलं दुसराच कुणीतरी शेजारच्या खोलीत वाजवतोय. मग एका सकाळी भीमपलास घेतला आणि कोमल निषादाला लक्षात आलं की मी बोळे विसरलोय, कानात आहेत हे विसरलोय. गुमणं थोडं आहे अजून, साचा घ्यायला लातूरला येणार आहे मॅडम.

काल वरात केली पूर्ण. गाड्याचे भोंगे लोखंडी पाइप लावून वर उचलून घेतले, वेल्डिंगवाल्यानं एका संध्याकाळी करून दिलं. गाड्याच्या मालकानं आधी कुरकुर केली, मग म्हणला आवाज लांब जायलाय, चांगलंय. ताशे एक रांग मागं घेतले, पोरं नाराज झाली, म्हणून चौकात थांबलो की त्यांना पुढं यायचं आणि चालताना मागं जायचं असं ठरवलं. ट्रंपेट माझ्या खांद्यावरून काढून दोन हात बाजूला. घरी आलो रात्री साडेबाराला, आडवा झालो, शिट्टी होती पण नेहमीपेक्षा बारीक. सकाळी मंडळी चुलीपाशी होत्या, भांडी वाजत होती, त्या म्हणाल्या चहा ठेवू का, आणि मला कळलं. जवळ होतो मी, तोंडाकडं बघत होतो, तरी पण.

पोरांचं एक राहिलं. आमच्या साईडवाल्याचा बोळा गर्दीत पडला आणि सापडला नाही, दुसऱ्यानं खिशात ठेवला तो धुण्यात गेला. दोरी असलेले बोळे मिळतात म्हणे, गळ्यात अडकवता येतात, चौदा जोड्या मागवल्यात. परवा वसमतला तिथी आहे, त्याच्या आधी आल्या तर बरं. जिंतूरच्या भावा, तुझा पत्ता मेसेज कर, एक जोडी तुला पाठवतो, आणि घरी सांगून टाक त्या कुईं आवाजाचं. बापू, बेराचा कागद आला का?